गणिताची पदवी आणि तिच्या पुढच्या वाटा

वैद्यक, विधी किंवा स्थापत्य यांचे शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याला आपल्या भावी व्यवसायाचे नाव प्रवेशाच्या दिवशीच ठाऊक असते. गणित हा मुख्य विषय घेऊन बी.एस्सी. करणाऱ्याला मात्र ते तिसऱ्या वर्षाच्या अखेरीसही पुष्कळदा सांगता येत नाही, आणि त्याच्या घरच्यांना तर शिक्षक किंवा प्राध्यापक याखेरीज दुसरे उत्तर सुचत नाही. याचे कारण गणिताच्या अभ्यासक्रमातच आहे. वास्तव विश्लेषण, म्हणजे सीमा आणि सातत्य या कल्पनांचा काटेकोर अभ्यास, रेषीय बीजगणित, गटसिद्धान्त, विकलक समीकरणे हे विषय कोणत्याही एका धंद्यासाठी रचलेले नाहीत. त्यांतून घडते ती गृहीतके स्पष्ट मांडण्याची, प्रत्येक पायरीचे कारण देण्याची आणि निष्कर्ष कोठवर खरा आहे हे ओळखण्याची सवय. या सवयीची गरज असणारे व्यवसाय अनेक आहेत, परंतु त्यांतील जवळजवळ प्रत्येक व्यवसाय तिच्या जोडीला आणखी एक विषय मागतो, कोणी संभाव्यता, कोणी संख्याशास्त्र, कोणी संगणन, तर कोणी अध्यापनशास्त्र. हा दुसरा विषय कोणता आणि तो केव्हा जोडायचा, यावर गणिताच्या पदवीधराचे पुढचे आयुष्य फार मोठ्या प्रमाणात ठरते, आणि तरीही आपल्या महाविद्यालयांत त्याविषयी फारच कमी बोलले जाते.

जोडविषयाचे महत्त्व सर्वांत स्वच्छपणे दिसते ते विमा व्यवसायात. धूमकेतूमुळे ज्याचे नाव सर्वांना माहीत आहे त्या एडमंड हॅलीने १६९३ मध्ये ब्रेस्लाऊ, म्हणजे आजच्या पोलंडमधील व्रोत्सवाफ, या शहरातील जन्म-मृत्यूच्या नोंदींवरून एक मर्त्यता कोष्टक तयार केले. कोणत्या वयाची किती माणसे जिवंत आहेत आणि पुढील वर्षात त्यांपैकी किती दगावतील याचा अंदाज देणारा तो तक्ता होता. त्याच्या आधारे हॅलीने दाखवून दिले की, दरवर्षी ठरावीक रक्कम देणाऱ्या वार्षिकीची किंमत घेणाऱ्याच्या वयानुसार बदलली पाहिजे. वयानुसार हप्ता ठरवणारी इक्विटेबल ही विमा संस्था लंडनमध्ये १७६२ मध्ये स्थापन झाली. असे कोष्टक कोणाच्या मृत्यूंवरून तयार केले आहे हाही महत्त्वाचा प्रश्न असतो, आणि त्याला भारतात तर सामाजिक धार होती, कारण येथील युरोपीय कंपन्या भारतीयांचे आयुष्य अधिक जोखमीचे समजून त्यांच्याकडून जादा हप्ता घेत, आणि १८७० मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे म्युच्युअल या संस्थेने भारतीयांचा विमा नेहमीच्या दराने उतरवण्यास आरंभ केला.

एक काल्पनिक हिशेब मांडला म्हणजे या कामाचे स्वरूप लक्षात येते. तीस वर्षे वयाच्या एक लाख व्यक्तींपैकी पुढील वर्षभरात सरासरी १२० व्यक्ती मृत्यू पावतील असे कोष्टक सांगते, आणि त्या सर्वांनी एका वर्षासाठी प्रत्येकी दहा लाख रुपयांचा मुदत विमा घेतला आहे असे समजू. कंपनीला वर्षअखेर सरासरी १२ कोटी रुपये द्यावे लागतील, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला १,२०० रुपये येतील. हप्ता वर्षाच्या आरंभी हाती येतो आणि त्यावर सहा टक्के व्याज मिळते असे धरले, तर आज घ्यावयाची रक्कम सुमारे १,१३२ रुपये ठरते. येथवरचे गणित शालेय आहे. खरा प्रश्न असा की १२० ही केवळ सरासरी आहे आणि प्रत्यक्ष आकडा दरवर्षी वरखाली होणार आहे. एकाच्या मृत्यूचा दुसऱ्याच्या मृत्यूशी संबंध नाही असे गृहीत धरले, तर हा चढउतार प्रमाण विचलन या मापाने, म्हणजे आकडे सरासरीपासून किती दूर पसरतात हे सांगणाऱ्या मापाने मोजता येतो. येथे ते सुमारे ११ येते, म्हणून बहुतेक वर्षी मृत्यू ९८ ते १४२ यांच्या दरम्यान राहतील. विमेदार केवळ एक हजार असतील, तर सरासरी मृत्यू १.२ आणि प्रमाण विचलन १.१ होते, मग एखाद्या वर्षी एकही दावा येणार नाही, तर एखाद्या वर्षी तीन दावे येऊन व्याजासह जमलेल्या हप्त्यांच्या अडीचपट रक्कम द्यावी लागेल. संख्याशास्त्रातील मोठ्या संख्येचा नियम, ज्याची सिद्धता विद्यार्थी दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी वहीत उतरवून घेतो, तो येथे कंपनी तगेल की बुडेल हे ठरवतो. आणि मृत्यू परस्परांपासून स्वतंत्र आहेत हे गृहीतकच महासाथीसारख्या प्रसंगी कोसळते, म्हणून जोखमीचा काही भाग दुसऱ्या कंपनीकडे सोपवण्याची पुनर्विम्याची व्यवस्था करावी लागते आणि किती भाग सोपवावा याचाही हिशेब मांडावा लागतो.

हा हिशेब करणाऱ्या आणि त्याखाली सही करून जबाबदारी घेणाऱ्या तज्ज्ञाला ॲक्च्युअरी म्हणतात. भारतात या व्यवसायाचे नियमन २००६ च्या ॲक्च्युअरीज कायद्यानुसार इन्स्टिट्यूट ऑफ ॲक्च्युअरीज ऑफ इंडिया ही संस्था करते. १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाल्यानंतर या तज्ज्ञांना आयुर्विमा महामंडळाबाहेर फारसा वाव राहिला नव्हता. २००० पासून विमा क्षेत्र खासगी कंपन्यांना खुले झाले, प्रत्येक विमा कंपनीत नियुक्त ॲक्च्युअरी असण्याचे बंधन आले, आणि मुंबई हे या कामाचे स्वाभाविक केंद्र बनले. संस्थेची प्रवेश परीक्षा बारावीनंतर देता येते, त्यानंतर संख्याशास्त्र, व्याजगणित, वित्त आणि अर्थशास्त्र यांवरील परीक्षांची लांब मालिका असते, आणि बहुतेक जण नोकरी करीत करीत सहयोगी व नंतर पूर्ण सदस्य, अशा पायऱ्या अनेक वर्षांत चढतात. गणिताच्या विद्यार्थ्याने या मार्गाची पहिली परीक्षा पदवीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या वर्षीच देऊन पाहावी. पदवीनंतर प्रथमच या व्यवसायाचे नाव ऐकणाऱ्याची दोन-तीन मौल्यवान वर्षे अकारण वाया जातात.

संख्याशास्त्राचा मार्ग याहून रुंद आहे, आणि महाराष्ट्राच्या दृष्टीने त्याचा इतिहास अभिमानाचा आहे. सातारा जिल्ह्यातील बुध या गावी १९११ मध्ये जन्मलेल्या पांडुरंग वासुदेव सुखात्मे यांनी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणित हा मुख्य विषय घेऊन १९३२ मध्ये पदवी मिळवली आणि लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये संख्याशास्त्रात १९३६ मध्ये डॉक्टरेट घेतली. भारतात परतल्यावर कृषी संशोधन परिषदेत काम करताना त्यांच्यासमोर एक अत्यंत व्यावहारिक प्रश्न होता, तो म्हणजे देशात धान्य नेमके किती पिकते. त्या काळी उत्पन्नाचा अंदाज आणेवारीने होत असे. उत्तम पीक म्हणजे सोळा आणे असे धरून यंदाचे पीक किती आणे आहे हे महसुली कर्मचारी नजरेने ठरवत, आणि हा अंदाज पाहणाऱ्याच्या मनःस्थितीनुसार व महसूल माफीच्या शक्यतेनुसार झुकण्याचा धोका उघड होता. सुखात्मे आणि विनायक गोविंद पानसे यांनी त्याऐवजी यादृच्छिक नमुन्याची पद्धत रुजवली. यादृच्छिक म्हणजे निवड करणाऱ्याच्या आवडीनिवडीला वाव न ठेवता, सोडतीने. अशा सोडतीने गावे निवडायची, गावांतून शेते, शेतातून ठरावीक मापाचा तुकडा, आणि त्या तुकड्यातील पीक कापून, मळून, वजन करून उत्पन्न काढायचे.

या तुकड्याचे माप किती असावे यावरून १९४० च्या दशकात भारतीय संख्याशास्त्रज्ञांत गंभीर मतभेद झाला. बंगालमध्ये प्रशांतचंद्र महालनोबिस लहान तुकडे वापरत, कारण कमी खर्चात पुष्कळ तुकडे घेता येतात. सुखात्मे यांचे म्हणणे असे की लहान तुकड्यात उत्पन्न सातत्याने वास्तवापेक्षा जास्त दिसते. त्यामागील कारण शुद्ध भूमितीचे आहे. तुकड्याच्या सीमेवर उभे असलेले रोप आत धरावे की बाहेर, अशी शंका आली की कापणारा ते आत धरण्याकडे झुकतो. एक मीटर बाजूच्या चौरसाला एक चौरस मीटर क्षेत्रामागे चार मीटर सीमा असते, तर दहा बाय पाच मीटरच्या तुकड्याला एक चौरस मीटरमागे केवळ ०.६ मीटर, म्हणून तुकडा जितका लहान तितकी ही चूक मोठी, आणि तुकड्यांची संख्या वाढवून ती कमी होत नाही, कारण सर्व तुकड्यांत ती एकाच दिशेने होते. नमुना मोठा केल्याने घटणारी चूक आणि न घटणारी चूक यांतील हा भेद ज्याला मनापासून समजला, त्याला संख्याशास्त्राचा निम्मा आत्मा समजला असे म्हणण्यास हरकत नाही. सुखात्मे १९५१ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेत गेले आणि तेथील संख्याशास्त्राच्या कामाचे त्यांनी दीर्घकाळ नेतृत्व केले. पीक कापणी प्रयोग मात्र आजही चालू आहेत, आणि २०१६ पासूनच्या प्रधानमंत्री पीक विमा योजनेत एखाद्या महसूल मंडळातील शेतकऱ्यांना भरपाई मिळणार की नाही हे त्यांच्यावर अवलंबून असते. एखाद्या तुकड्याची सोडत प्रामाणिकपणे झाली की नाही याचा परिणाम शेकडो घरांवर होतो. गणिताचा इतका थेट सार्वजनिक उपयोग क्वचितच पाहायला मिळतो.

या क्षेत्रातील सरकारी वाट म्हणजे १९६१ मध्ये स्थापन झालेली भारतीय सांख्यिकी सेवा. तिची परीक्षा केंद्रीय लोकसेवा आयोग घेतो, वयोमर्यादा सर्वसाधारण उमेदवारासाठी २१ ते ३० वर्षे आहे, आणि येथेच गणिताचे अनेक पदवीधर अडतात, कारण पदवीला संख्याशास्त्र, गणिती संख्याशास्त्र किंवा उपयोजित संख्याशास्त्र हा एक विषय असणे, अथवा त्यात पदव्युत्तर पदवी असणे ही पात्रतेची अट आहे. केवळ गणितात पहिला वर्ग मिळवणारा विद्यार्थी या परीक्षेला बसूच शकत नाही. पहिल्या वर्षी विषयनिवडीचा अर्ज भरताना संख्याशास्त्राऐवजी सोपा वाटणारा दुसरा विषय घेतला, तर एक संपूर्ण सेवा बंद होते, ही गोष्ट त्या क्षणी सतरा-अठरा वर्षांच्या मुलामुलींना कोणी सांगत नाही. भारतीय रिझर्व्ह बँकेचा सांख्यिकी व माहिती व्यवस्थापन विभाग आणि राज्याचे अर्थ व सांख्यिकी संचालनालय येथेही संख्याशास्त्र जाणणारे लागतात; लोकसंख्याशास्त्राकडे वळणाऱ्यासाठी मुंबईत देवनार येथे, १९५६ मध्ये स्थापन झालेली आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था आहे. पदवीच्या वेळी संख्याशास्त्र घेतले नसले, तरी वाट कायमची बंद होत नाही. प्रसिद्ध संख्याशास्त्रज्ञ सी. आर. राव यांनी आंध्र विद्यापीठातून गणितात एम.ए. केल्यानंतरच कोलकात्याच्या भारतीय संख्याशास्त्र संस्थेत प्रवेश केला होता, आणि ज्या अनुमानसिद्धान्ताशी त्यांचे नाव जोडले गेले तो त्यांनी १९४५ मध्ये, वयाच्या पंचविशीत मांडला.

संगणनाच्या क्षेत्रात गणिताच्या पदवीधराची स्पर्धा अभियंत्यांशी असते, आणि कार्यक्रमलेखन न शिकता केवळ गणिताच्या बळावर तेथे उभे राहता येत नाही, हे आधीच स्पष्ट केलेले बरे. परंतु या क्षेत्राचा एक मोठा भाग मुळातच गणिताचा आहे. बँकेचा व्यवहार सुरक्षित ठेवणाऱ्या कूटलेखनात १९७७ मध्ये मांडली गेलेली आरएसए ही पद्धत एका साध्या विषमतेवर उभी आहे: सुमारे तीनशे आकडी दोन मूळ संख्यांचा गुणाकार संगणक क्षणात करतो, पण केवळ गुणाकार दिला असता त्या दोन संख्या शोधण्याची पुरेशी वेगवान रीत आजच्या संगणकांसाठी कोणाला सापडलेली नाही. एखादी संख्या मूळ आहे की नाही हे निश्चितपणे आणि वेगाने ठरवण्याची रीत २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी दिली, आणि त्या वेळी कयाल व सक्सेना यांनी नुकतीच पदवी पूर्ण केली होती. क्वांटम संगणक पुरेसे मोठे झाले तर आरएसए मोडेल, या शक्यतेमुळे अमेरिकेच्या मानक संस्थेने २०२४ मध्ये नव्या पद्धती प्रमाणित केल्या, आणि त्यांतील प्रमुख पद्धती जालकांवर, म्हणजे बहुमितीय अवकाशात नियमित अंतराने मांडलेल्या बिंदूंच्या रचनांवर आधारलेल्या आहेत. ज्या विद्यार्थ्याने गटसिद्धान्त आणि रेषीय बीजगणित परीक्षेपुरते न ठेवता खरोखर आत्मसात केले आहे, त्याला या विषयात शिरणे इतरांपेक्षा सोपे जाते. संरक्षण संशोधन संघटनेची दिल्लीतील सायंटिफिक ॲनालिसिस ग्रुप ही प्रयोगशाळा आणि भारतीय संख्याशास्त्र संस्थेचे कूटलेखन केंद्र ही या कामाची देशातील महत्त्वाची ठिकाणे आहेत.

मर्यादित साधनांतून सर्वाधिक लाभ कसा मिळवावा याचा विचार करणारे संक्रिया विज्ञान हेही असेच एक क्षेत्र. विमानांची वेळापत्रके किंवा गोदामांतील साठा यांसारखे प्रश्न त्यात हजारो असमतांच्या रूपात मांडतात; १९४७ मध्ये जॉर्ज डँटझिग यांनी त्यासाठी सिम्प्लेक्स ही रीत दिली, आणि १९८४ मध्ये नरेंद्र करमरकर यांनी अगदी वेगळ्या दिशेने जाणारी रीत मांडून या विषयाला नवे वळण दिले. हवामानाच्या अंदाजामागे विकलक समीकरणे असतात, आणि पुण्यातील उष्णदेशीय हवामान संस्थेसारख्या ठिकाणी ती महासंगणकावर सोडवणाऱ्यांत भौतिकीबरोबर गणिताचे पदवीधरही सामावू शकतात. वित्तक्षेत्रात जोखमीचे मोजमाप करणाऱ्यांना, ऑप्शन या वित्तीय कराराची किंमत काढणाऱ्या १९७३ च्या ब्लॅक-शोल्स सूत्राच्या वंशातील गणित लागते. तेथे वेतन चांगले असले, तरी संभाव्यतेचा प्रगत अभ्यास आणि संगणन या दोन्हींची तयारी नसल्यास प्रवेश अवघड आहे.

शुद्ध गणितातील संशोधनाविषयी दोन टोकांची मते ऐकू येतात, एक ते अशक्य मानणारे आणि दुसरे त्याला केवळ बुद्धिमत्तेचा प्रश्न समजणारे. वस्तुस्थिती या दोहोंहून वेगळी आहे. मुंबईची टाटा मूलभूत संशोधन संस्था, चेन्नईतील गणिती संस्था, प्रयागराजची हरिश्चंद्र संशोधन संस्था, पुण्यातील आयसर येथे विद्यार्थ्याला शिष्यवृत्तीसह पीएच.डी. करता येते, आणि अणुऊर्जा विभागाने १९८३ मध्ये स्थापन केलेले राष्ट्रीय उच्चतर गणित मंडळ पदव्युत्तर व संशोधक विद्यार्थ्यांना साहाय्य देते. तथापि पीएच.डी.ला पाच-सहा वर्षे, त्यानंतर तात्पुरत्या संशोधनपदांवर आणखी काही वर्षे, आणि मग कायम नोकरी, असा हा प्रवास असतो. घरातील पहिलाच पदवीधर असलेल्या मुलाला हा काळ परवडेल की नाही याचा विचार त्याच्या गुणवत्तेइतकाच महत्त्वाचा आहे, आणि तो बोलून दाखवण्यात कमीपणा नाही. संशोधनाची आवड आपल्याला आहे की नाही हे पदवीच्या काळातच पडताळून पाहता येते. बी.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी पुण्याच्या सर परशुरामभाऊ महाविद्यालयाच्या पुढाकाराने चालणारी माधव गणित स्पर्धा, १९९३ पासून देशभर भरणारी एमटीटीएस ही उन्हाळी शिबिरे आणि श्रीराम अभ्यंकर यांनी १९७६ मध्ये पुण्यात स्थापन केलेले भास्कराचार्य प्रतिष्ठान यांनी महाविद्यालयीन पाठांतरापलीकडचे गणित अनेकांना प्रथम दाखवले आहे.

अध्यापन हा व्यवसाय या सर्वांच्या शेवटी येतो तो इतर काही न जमलेल्यांचा आसरा म्हणून नव्हे, तर त्याविषयी सर्वांत अधिक गैरसमज आहेत म्हणून. नाशिकजवळ देवळाली येथे १९३० ते १९६२ अशी बत्तीस वर्षे शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांच्याकडे विद्यापीठातील पद नव्हते, तरीही त्यांनी शोधलेली ६१७४ ही संख्या आज जगभर त्यांच्या नावाने ओळखली जाते. सर्व अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्यावी, तिच्या अंकांची उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडणी करून मोठीतून लहान वजा करावी, आणि येणाऱ्या उत्तरावर तीच कृती करीत राहावे. ३५२४ पासून ३०८७, मग ८३५२, मग ६१७४ येते, आणि सात पायऱ्यांच्या आत ६१७४ येऊन तेथेच थांबते. हे उदाहरण सातवीच्या वर्गातही करता येते आणि त्यातून सिद्धता म्हणजे काय या प्रश्नापर्यंत पोहोचता येते; अशा रीतीने शिकवणारे शिक्षक हवे तेवढे नाहीत, म्हणूनच गणिताची भीती पिढ्यान्‌पिढ्या हस्तांतरित होत राहते. माध्यमिक शाळेसाठी पदवीनंतर बी.एड. आणि उच्च प्राथमिक वर्गांसाठी शिक्षक पात्रता परीक्षा लागते, महाविद्यालयासाठी एम.एस्सी.नंतर नेट, किंवा महाराष्ट्र व गोव्यासाठी सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ घेते ती सेट परीक्षा. महाराष्ट्रातील महाविद्यालयांत अनेक जागा तासिका तत्त्वावर, म्हणजे घेतलेल्या तासांपुरत्या मानधनावर भरल्या जातात, आणि पात्रता मिळवलेले अनेक तरुण त्यांवर वर्षानुवर्षे काढतात. या वाटेने जाणाऱ्याने ही वस्तुस्थिती आधी जाणून घेऊनच पाऊल टाकावे.

निवडीसाठी काळ फार थोडा असतो. आयआयटींतील एम.एस्सी.साठीच्या जॅम परीक्षेत गणित आणि गणिती संख्याशास्त्र अशा दोन स्वतंत्र प्रश्नपत्रिका असतात. तिची नोंदणी साधारणपणे सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये आणि परीक्षा फेब्रुवारीत होते, म्हणजे तीन वर्षांच्या पदवीच्या अंतिम वर्षाची पहिली सहामाही पूर्ण होण्याआधीच कोणत्या बाजूला जायचे हे विद्यार्थ्याला ठरवावे लागते. भारतीय संख्याशास्त्र संस्थेत एकाच पदवीधराला गणित, संख्याशास्त्र किंवा परिमाणात्मक अर्थशास्त्र या वेगवेगळ्या पदव्युत्तर अभ्यासक्रमांचे दार ठोठावता येते, पण त्यांच्या प्रवेश परीक्षांचा रोख वेगवेगळा असतो. म्हणून दुसऱ्या वर्षाच्या उन्हाळी सुटीतच आधीच्या वर्षांच्या प्रश्नपत्रिका मिळवून त्यांतील प्रत्येकी एक, वेळ लावून, सोडवून पाहावी. कोणती प्रश्नपत्रिका सोडवताना वेळेचे भान राहिले नाही आणि कोणती तासाभरातच बाजूला ठेवावीशी वाटली, हे त्यावरून समजते, आणि त्यानुसार उरलेल्या वर्षात घ्यावयाचा ऐच्छिक विषय, म्हणजे संभाव्यता, संख्यासिद्धान्त की संगणन, निश्चित करता येतो.